आठ क्रियापदांचा रोवणा

'रेलिंक्विश' या इंग्रजी क्रियापदासाठी टेकचंदजी रहांगडाले यांनी आपली खुर्ची सोडली.

खुर्ची चांगली होती. सागवानी, दोन हातांची, बसायला वेत विणलेला. बारदान्याच्या त्या दुकानात ती एकच खुर्ची होती आणि दुकान त्यांचंच होतं, त्यामुळे ती सोडा असं त्यांना कोणी म्हटलेलं नव्हतं. मी फक्त चिठोऱ्यावर अर्थ लिहून दिला होता : आपल्या हक्काची वस्तू आपणहून सोडून देणे. दुसऱ्या दिवसापासून ते रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसू लागले. खुर्ची जागची हलली नाही. तिच्यावर ते स्वतः बसत नसत, गिऱ्हाइकालाही बसवत नसत. आठ दिवसांनी त्यांच्या बायकोने, काकीजींनी, विचारलं की शब्द शिकून झाला असेल तर आता खुर्चीवर बसायला काय हरकत आहे. त्यावर टेकचंदजी, म्हणजे आमचे शेजारचे काकाजी, म्हणाले, "सोडलं म्हंजे सोडलं. परत बसलो तं तो शब्द उपटून निघंल."

या गोष्टीला तीन वर्षं होत आली. खुर्ची अजून तिथेच आहे.

हे सुरू झालं ते आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षी. आम्ही कोणी जागचे हललो नव्हतो. मी मात्र नागपूरच्या कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन गोंदियाला परत आले होते. बाबा स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. इंग्रजी मला येत होतं, म्हणजे लिहिता-वाचता येत होतं आणि मनातल्या मनात बोलताही येत होतं. तोंडाने मी मराठीसुद्धा जेमतेम बोलायची. गोंदियाचा बाजार हिंदीत चालतो, शेजारच्या रहांगडाल्यांच्या घरात पोवारी, खेड्यांवरून धान घेऊन येणाऱ्यांची झाडीबोली. इतक्या भाषा एकाच रस्त्यावर असल्या की गप्प बसणं सोपं जातं. गल्लीतल्या दोन-तीन बायकांचा समज होता की मला ऐकू येत नाही. तो मी दूर केला नाही.

टेकचंदजींचं दुकान आमच्या घराला लागूनच. धानाच्या गिरण्यांना पोती विकणं हा त्यांचा धंदा. मूळचे केशोरीचे, घरची धानाची शेती तिकडे भावाकडे. काळे, उंच, डोक्याला पांढरं पागोटं, आणि कानामागे पेन्सिल असावी तशी पोती शिवायची दाभण. कोणतंही पोतं विकण्याआधी ते दोन्ही हातांनी उजेडाला धरून आत डोकं घालून पाहत. आत भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. माणूस नवा भेटला तरी ते त्याच्याकडे असंच पाहत. दुपारच्या मुंबई मेलची शिटी ऐकू आली की हातातलं काम टाकून उठून उभे राहत आणि गाडी सुटेपर्यंत उभेच राहत. पोती मोजून घेणारं गिऱ्हाईक समोर असलं तरी. बाजार म्हणे, त्यांच्या पायात वात आहे. शिवाय बाजार त्यांना 'माय डिअर' म्हणे. "ओ माय डिअर, सुतळी मिलेगी क्या?" असं पलीकडचा पानवाला रोज ओरडायचा. मला वाटलं, इंग्रजी शिकायच्या नादामुळे हे नाव पडलं असेल. नाव आधी पडलं होतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

एका सकाळी ते बाबांकडे आले आणि ओट्यावर बसले. मी आत दाराआड होते.

"पार्सलबाबू, तुमची पोरगी इंग्रजी शाळेत होती म्हनते. अन् बोलत तं नाही."

बाबा ओशाळले. लाजाळू आहे, म्हणाले.

"बेसच हाय. बोलली नाही म्हंजे भरलेलं हाय. सांडलं नाही अजून."

मग त्यांनी काम सांगितलं. एका माणसाला चिठ्ठी लिहायची आहे. इंग्रजीत, आणि आपल्या हाताने. मुळाक्षरं त्यांनी गुड्सच्या वॅगनींवरून गिरवून घेतली होती. अडचण होती ती आठ शब्दांची. ते आठ नीट आले की चिठ्ठी लिहिता येईल, त्याआधी नाही. माणूस म्हातारा आहे, तेव्हा फार वेळही नाही. बाबा म्हणाले, माझी मुलगी आत्ता बसून चिठ्ठी लिहून देईल, तुम्ही मजकूर सांगा. काकाजींनी नकारार्थी मान हलवली.

"रोवणा दुसऱ्याच्या हातानं होते, बाबू. चिठ्ठी नाही."

रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. चिठ्ठी कोणाला लिहायची, हे त्यांनी सांगितलं नाही. बाजाराचे अंदाज होते. कोणी म्हणे नागपूरच्या साहेबाला अर्ज आहे, कोणी म्हणे कलकत्त्याच्या ज्यूटवाल्याला.

आमच्या आणि त्यांच्या परसाच्या मधल्या भिंतीत दोन विटा पडून एक भोक झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भोकातून एक दाभण आत आली. तिच्या टोकाला चिठोरं टोचलेलं होतं आणि त्यावर चित्र काढावं तशी जपून काढलेली अक्षरं : रेमिनिस. मी मागच्या बाजूला मराठीत लिहिलं, 'जुन्या दिवसांच्या आठवणी काढत बसणे', आणि दाभण परत सरकवली. ही पद्धत मला आवडली. हिच्यात बोलावं लागत नव्हतं.

मला वाटलं होतं, आठ शब्द म्हणजे आठ दिवस. पण पुढचं चिठोरं दोन आठवड्यांनी आलं. मधल्या काळात काय झालं ते काकीजींनी आईला भिंतीवरून सांगितलं. काकाजी एक अख्खी दुपार दुकानात नुसते बसून होते. गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, गेलं. काय करून राहिले, असं काकीजींनी विचारलं तर म्हणाले, रेमिनिस करून राहिलो. कसली आठवण, ते सांगेनात. संध्याकाळी वही काढली, त्या शब्दापुढे 'रोवलं' असं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून काकीजींचा अंगठा घेतला.

त्यांची ही वही मी नंतर पाहिली. एका पानावर एक क्रियापद. खाली माझ्या चिठोऱ्यावरचा अर्थ उतरवलेला. त्याखाली कुठे केलं, कोणासमोर केलं, आणि सही किंवा अंगठा. त्यांचा सिद्धान्त साधा होता आणि तो त्यांनी बाबांना एकदा नीट समजावून सांगितला. पऱ्हे टाकले, म्हणजे धानाची रोपं वाफ्यात उगवली, की शेती झाली असं नाही. पऱ्ह्यात रोप कितीही हिरवं दिसलं तरी तिथेच ठेवलं की पिवळं पडतं. ते उपटून चिखलाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरात, रोवावं लागतं. शब्दाचा अर्थ पाठ केला म्हणजे नुसते पऱ्हे टाकले. तो हातापायाने करावा लागतो, तेव्हा रोवला जातो.

"नाव हाय ते घरात ठेवता येते," ते म्हणाले. "खुर्ची, पोतं, टेबल. क्रियापद घरात ठेवाची वस्तू नाही. ते कराची वस्तू हाय."

बाबा म्हणाले, पण घाई आहे म्हणत होतात ना.

"हाय ना जी. पन घाईनं रोवलं तं रोप तरंगते."

दुसरा शब्द 'रेलिश'. चवीचवीने आस्वाद घेणे, असं मी लिहिलं. टेकचंदजी जेवायचे कसे, तर पोत्यात धान ओतावं तसे. त्या दिवशी त्यांनी काकीजींना पोह्यांचा चिवडा करायला सांगितला आणि एक वाटीभर चिवडा खायला गिरणीच्या पहिल्या भोंग्यापासून दुसऱ्या भोंग्यापर्यंतचा वेळ घेतला. एकेक दाणा. काकीजी आधी रागावल्या, मग घाबरल्या, मग त्यांनी अंगठा दिला. त्यांच्या मते नवऱ्याने आपल्या हातच्या अन्नाकडे पाहिलं ते लग्नानंतर पहिल्यांदा. त्या आईला म्हणाल्या की इंग्रजीत असले आणखी शब्द असतील तर पोरीला पाठवायला सांगा.

पुढचा शब्द मात्र त्यांना आवडला नाही. 'डिटेरिओरेट'. दिवसेंदिवस बिघडत जाणे. काकाजींनी नव्याकोऱ्या पोत्यांचा एक गठ्ठा परसात उघड्यावर टाकला आणि रोज सकाळी उकिडवं बसून त्याच्याकडे पाहत राहिले. ऊन, दव, कोंबड्या. महिना गेला. पोती आधी काळवंडली, मग उसवली, मग बोट लावलं की तुटू लागली. आई भोकातून पाहायची आणि म्हणायची, माणूस गेला कामातून. काकीजींनी अंगठा दिला नाही. शेवटी सही केली ती त्यांच्याच हमालाने. त्याने सहीच्या आधी विचारलं, हे कायले केलं जी? काकाजी म्हणाले, "चांगली वस्तू खराब होते तवा कोनी पाहत नाही. खराब झाल्यावर पाहते. मी होतानी पाहून राहिलो."

चौथा शब्द खुर्चीचा. तो सांगून झाला.

पाचवा 'एम्बार्क'. जहाजात चढणे, जलप्रवासाला निघणे. गोंदियाला जहाज नाही. काकाजी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने अर्जुनीला गेले, तिथून बैलगाडीने केशोरीला, आणि गावाच्या तळ्यावर एका ढिवराच्या, म्हणजे कोळ्याच्या, डोंग्यात चढले. ढिवराने विचारलं, कुठं सोडू? ते म्हणाले, कुठंच नाही, मी फक्त निघून राहिलो. त्याने त्यांना तळ्याच्या मध्यापर्यंत नेलं. तिथून त्यांनी काठाकडे पाहिलं. काठावर भाऊ उभा राहील असं त्यांना वाटलं होतं, पण भाऊ बैल सोडायला गेला होता. वहीत ढिवराच्या अंगठ्याशेजारी काकाजींनी एक ओळ जास्तीची लिहिलेली आहे : 'काठावर कोनी नव्हतं.' मी ती वाचली तेव्हा हसू आलं होतं.

'हेजिटेट' या शब्दाने सगळ्यात जास्त वेळ घेतला, कारण टेकचंदजी कधी कचरलेलेच नव्हते. पाऊल उचललं की टाकायचं, असा त्यांचा पिंड. त्यांनी रीतसर प्रयत्न केला. मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि दुसरा उचलायचा नाही असं ठरवून उभे राहिले. हळूहळू लोक जमले. मिठाईवाल्याला वाटलं उधारी मागायला आले. कोणी म्हणालं लकवा मारला. एकाने पाणी आणलं. काकाजी पाणी प्यायले, लोटा परत दिला आणि तसेच उभे राहिले. शेवटी पानवाला म्हणाला, "माय डिअर, अंदर जाना है कि बाहर?" त्यावर ते खरोखर थोडे थांबले. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दिलं नाही. घरी येऊन म्हणाले, पायानं नाही झालं, तोंडानं झालं. साक्षीला पानवाल्याची सही आहे. कशावर सही केली हे त्याला ठाऊक नव्हतं.

सातवा 'बिसीच'. काकुळतीने विनवणी करणे. टेकचंदजींनी जन्मात कोणापुढे हात जोडले नव्हते. ते नगरपालिकेच्या जकात नाक्यावर गेले आणि नाकेदारापुढे हात जोडून उभे राहिले. नाकेदार म्हणाला, काय पाहिजे? काही नाही. माल अडला आहे का? नाही. मग?

"विनवून राहिलो," काकाजी म्हणाले.

नाकेदार चांगला माणूस होता. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, असं करू नका, तुम्ही वयाने मोठे आहात. काकाजी म्हणाले की एवढं केलंत, आता इथे सही करा. परत येताना ते स्टेशनच्या रस्त्याने आले. पागोटं काढून हातात घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी रात्रीचं जेवण त्यांनी घेतलं नाही असं काकीजींनी सांगितलं. काही नको असताना हात जोडले तरी एवढं लागतं, तर पाहिजे असताना जोडणाऱ्याचं काय होत असंल, असं काहीतरी ते बोलत होते म्हणे.

मग आला शेवटचा. 'अकंपनी'. सोबत करणे, एखाद्याच्या बरोबर जाणे. हा मला सगळ्यांत सोपा वाटला होता. काकाजी दुपारच्या मेलला स्टेशनवर गेले, नागपूरचं तिकीट काढलं, आणि डब्यात जो पहिला एकटा म्हातारा दिसला त्याच्या शेजारी बसले. नागपूरपर्यंत त्याच्याकडे पाहत बसले. त्याला पाणी आणून दिलं, चिवड्याची पुडी पुढे केली. म्हाताऱ्याने पुडी घेतली नाही. पिशवी पोटाशी धरून बसला आणि भंडारा रोडला सामान घेऊन दुसऱ्या डब्यात गेला. काकाजीही गेले. नागपूरला उतरल्यावर म्हाताऱ्याने पोलीस बोलावला. पोलिसाने विचारलं, तुम्ही याचे कोण? काकाजी म्हणाले, कोनी नाही, सोबत करून राहिलो.

ते दुसऱ्या दिवशी घरी आले. वहीतल्या त्या पानावर 'रोवलं' लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी भोकातून दाभण आली नाही. काकाजी स्वतः आमच्या परसात आले. हातात वही होती आणि बिस्किटांचा एक चपटा डबा. आई आणि काकीजी पलीकडे तांदूळ निवडत होत्या. ते माझ्यासमोर ओट्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, शेवटचं लागलं नाही. अनोळख्यासंगं गेलो, ते मजुरी झाली. रोप तरंगून आलं."

मग त्यांनी डब्यातून एक पत्र काढलं. घडीवर विरलेलं. पत्रात आठ शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. मी वाचायला तोंड उघडलं असावं, कारण त्यांनी हात वर केला.

"मोठ्यानं नोको वाचू. एकदा मोठ्यानं वाचून झालं हाय."

मी मनात वाचलं. पत्र मॉरिस नावाच्या एका गार्डाचं होतं. चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीवर त्याने उभा जन्म काढला होता. पोत्यांचे गठ्ठे अर्जुनीला पोचवायला टेकचंदजी आठवड्यातून दोनदा त्याच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसत. बारा वर्षं. एकाला इंग्रजी आणि रेल्वेची हिंदी, दुसऱ्याला पोवारी आणि बाजाराची हिंदी. बोलणं फारसं होत नसे. चिवडा असे आणि गार्डाच्या बायकोने केलेला केक असे. बायको वारली, तेव्हा नुसता चिवडा असे. मग मॉरिससाहेब रिटायर होऊन बिलासपूरकडे गेला.

'माय डिअर टेकचंद,' असं पत्र सुरू होत होतं. मी पुष्कळदा ब्रेकव्हॅनचे दिवस रेमिनिस करतो. तुझा चिवडा अजून रेलिश करतो, पुडी संपली तरी. माझे डोळे डिटेरिओरेट झालेत. क्वार्टर आणि व्हरांड्यातली माझी खुर्ची मी नव्या माणसासाठी रेलिंक्विश केली. भाच्याने ऑस्ट्रेलियाला बोलावलं आहे, मुंबईला एम्बार्क करीन. सांगायला हेजिटेट करतो, पण तुला बिसीच करतो : अमुक तारखेच्या मेलने मी गोंदियावरून जाईन, गाडी पाणी घ्यायला थांबते, प्लॅटफॉर्मवर ये. आणि दुकान सोडता आलं तर नागपूरपर्यंत मला अकंपनी कर. खाली भाच्याचा पत्ता होता.

तारीख मी पाहिली. ती उलटून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

काकाजींनी मग सांगितलं. हळू आवाजात, पोत्यांचा हिशेब सांगावा तसं. पत्र आलं तेव्हा ते वाचून घ्यायला स्टेशनच्या एका तिकीटबाबूकडे गेले होते. बाबू मौजेचा माणूस. त्याने पानठेल्यासमोर उभं राहून ते मोठ्यानं वाचलं, हातवारे करून. 'माय डिअर' ऐकून लोक हसले. मग प्रत्येक मोठ्या शब्दाला हसले. बाबू शब्द पुन्हा म्हणायचा आणि लोक पुन्हा हसायचे. शेवटी बाबूने हिंदीत अर्थ सांगितला, की गोरा माय डिअरला भेटायला येतोय, आपण सगळे बघायला जाऊ.

"मंग?" मी विचारलं. मला वाटतं, त्यांच्याशी मी बोललेला तो पहिला शब्द.

"मंग त्या दिवशी सारे ठेसनावर गेले. मी नाही गेलो. दुकानात बसलो खुर्चीवर. शिटी आयकली. येतानीची आयकली, जातानीची आयकली." त्यांनी मांडीवरची वही सरळ केली. "लोकं परत आले तं सांगत होते. टोपीवाला म्हातारा दाराचा दांडा धरून उभा होता म्हने, शेवटपर्यंत. पान्याले बी उतरला नाही."

मी पत्राची घडी घातली. काही म्हणायला हवं होतं. लोक हसले तर तुमचा काय दोष, असं काहीतरी मनात जुळवत होते. त्यांनी ते ओळखलं असावं.

"लोकायचं नाही, बाई. मीबी हासलो होतो. साऱ्यायसंगं. शब्द मालूम नव्हते अन् हासलो." त्यांनी वहीवर हात ठेवला. "ज्या आठावर हासलो, ते एकेक करून पाहून राहिलो. केल्याबिगर कोन्या तोंडानं लिहू?"

पलीकडे काकीजींच्या सुपाचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

चिठ्ठी त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बसून लिहिली. गठ्ठ्यावर बसून, दुसऱ्या गठ्ठ्यावर कागद ठेवून. मला त्यांनी समोर बसवलं होतं, पण बघायचं फक्त, सांगायचं नाही. एक अक्षर काढायला त्यांना एक टाका घालण्याएवढा वेळ लागे. सुरुवात कशी करायची एवढं एकच त्यांनी विचारलं. मी साहेबाचं पत्र उघडलं आणि त्याच्या पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. काकाजींनी त्या शब्दांकडे बराच वेळ पाहिलं. पोतं उजेडाला धरतात तसा तो कागद दाराकडे धरून पाहिला. मग लिहिलं : 'माय डिअर मॉरिस.'

पुढे सातच ओळी होत्या. मी रेमिनिस करतो. मी रेलिश करतो. मी डिटेरिओरेट होतो. मी खुर्ची रेलिंक्विश केली. मी तळ्यात एम्बार्क केलं. मी हेजिटेट केलं. मी बिसीच करतो. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने लाल शाईने तो कागद भरून टाकला असता. मी पेन मागितलं नाही. 'अकंपनी' त्यांनी लिहिलं नाही, कारण ते रोवलं गेलेलं नव्हतं. खाली नाव लिहिलं, टेकचंद, आणि चिवड्यातला एक पोहा घडीत ठेवला. वजन वाढेल का, म्हणाले. मी मान हलवून नाही म्हटलं.

पोस्ट बाजाराच्या पलीकडे. काकाजी पाकीट घेऊन पायरीपर्यंत गेले, एक पाय खाली ठेवला आणि दुसरा उचललाच नाही. मागे मिठाईच्या दुकानासमोर ते ठरवून उभे राहिले होते. या वेळी ठरवलेलं दिसत नव्हतं.

"एकटा गेलो तं मधातच हेजिटेट होईन," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

गोंदियाच्या बाजारातून मी तोवर एकदाही पायी गेले नव्हते. आई बरोबर असली तरी मी तिला सायकलरिक्षा करायला लावायची.

"मी येते, काकाजी," मी म्हणाले.

आम्ही निघालो. ते पुढे, मी एका पावलाने मागे, मग बरोबरीने. पानठेल्यावर नेहमीची माणसं होती. पानवाल्याने पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "का माय डिअर, किधर?"

काकाजी थांबले. पाकीट वर धरून त्याला दाखवलं.

"माय डिअरले चिठ्ठी टाकून राहिलो," ते म्हणाले.

पानवाल्याने पानाला चुना लावायचा थांबवला. मग पुन्हा लावू लागला. आम्ही पुढे गेलो. पोस्टात बाबूने ऑस्ट्रेलिया हा शब्द दोनदा वाचला आणि तिकीट लावलं. काकाजींनी पाकीट पेटीत सोडलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.

परत आल्यावर त्यांनी वही काढली आणि आठवं पान उघडलं. तिथे 'रोवलं' लिहिलं आणि साक्षीची जागा माझ्यापुढे सरकवली. मी म्हणाले की काकाजी, बरोबर तर मी आले, मग क्रियापद माझं झालं, तुमचं कसं? मी इतकं मोठं वाक्य बोलले याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"रोवणा एका मानसाचा नसते, बाई. कर सही."

मी सही करत होते तेव्हा मेलची शिटी झाली. काकाजी उठून उभे राहिले. मीही पेन हातात घेऊन उभी राहिले. गाडी पाणी घेत होती तेवढा वेळ आम्ही तसेच होतो, आणि मधे ती खुर्ची होती. मग सुटल्याची शिटी झाली, डब्यांचा आवाज पुलापलीकडे गेला, आणि काकाजी गठ्ठ्यावर बसले.

मी विचारलं, आता?

"आता काय," ते म्हणाले. "बांधीत पानी ठेवाचं अन् पाहाचं."